चिक

"हिलालभाई, तमारी छोकरी तो एकदम चिक छे हों!"

मागांच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून भूपेंद्र हिलालच्या कानाशी ओरडला. मालकाचा हा पुतण्या मुंबईला कॉलेज करून नुकताच सुरतमधल्या उधन्याच्या कापड कारखान्यात बसायला लागला होता. हिलालच्या बायकोला, प्रमिलाबाईला, ताप होता, म्हणून त्या दुपारी मनीषा बापाचा डबा देऊन दाराबाहेर पडत होती. शेजारच्या मागांवरचे दोघे हसले. हिलालही हसला. वर हात जोडून म्हणाला, "मेहरबानी, शेठ."

त्याला वाटलं, गाय व्याल्यावरचा चीक. अमळनेरकडे त्याची आई तो वाटीवाटीने शेजाऱ्यांना पाठवायची. पोरीचं एवढं कौतुक, तेही शेठच्या तोंडून!

संध्याकाळी खोलीवर येताच त्याने बायकोला सांगितलं, "आज शेठ आपली मनीले चिक म्हने!"

भाकरी थापणारा मनीषाचा हात थांबला. "तुम्हना समोर?"

"हा. मी हासनू."

"काय म्हंजे ते?" गोधडीतून प्रमिलाबाईने विचारलं.

"डिक्शनरीत कोंबडीचं पिल्लू," मनीषा म्हणाली. "पण कोणी तसं म्हणत नाही. जाणाऱ्या पोरीकडे बघून, एकमेकांना कोपर मारून म्हणतात. कॉलेजच्या गेटवर रोज ऐकते मी." मग हळूच, "आणि तुम्ही हसलात, आबा."

तिने भाकरी तव्यावर टाकली.

हिलालने बाहेरच्या नळावर दोनदा तोंड धुतलं. अर्थ माहीत नव्हता, हे खरं. पण माहीत असता, तर आपण हसलो नसतो का? जेवताना त्याने मान वर केली नाही.

सकाळी माग सुरू करण्याआधी तो न बोलावता काचेच्या केबिनमध्ये गेला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच. भूपेंद्र फोनवर होता.

"शेठ, वैसा नहीं बोलना. उसका नाम मनीषा है."

भूपेंद्रने फोनवर हात ठेवला. "कौन मनीषा?"

त्याला खरंच आठवत नव्हतं.

"मेरी लडकी."

"अच्छा, अच्छा. ठीक छे." तो पुन्हा फोनवर बोलू लागला.

हिलाल मागाशी आला. कालच्या दोघांपैकी बळीरामने विचारलं, "काय सांगं शेठले?"

"पोरनं नाव," हिलाल म्हणाला, आणि त्याने मागाचं हँडल ओढलं.