नाव बाहेर गेलं

"मॅडम, दो मिनट. पडदा ओढून घेऊ का?"

महेमूद दारातच उभा होता. प्रभावतीनं नुकताच डबा उघडला होता. तिनं मान हलवली, तसा त्यानं हिरवा पडदा ओढला आणि आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. रुग्णालयासमोरच्या चौकात त्याचं नेट कॅफे होतं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला तो महिन्याला इकडे यायचा, पण या खोलीत कधी आला नव्हता. या खोलीत सहजासहजी कुणीच येत नसे.

"बसा ना."

"न्हाई, बसत न्हाई. इथं बसलेलं कुनी पाह्यलं तर..." बोलता बोलता तो ओशाळला. "म्हंजे तसं न्हाई, मॅडम."

"राहू द्या. काय झालं?"

"काल तुमचे संपतभाऊ आल्ते. दवाखान्याची लाइन बंद हाय, रिपोर्ट मेल करायचाय म्हन्ले. करून गेले. पन फाईल माझ्या कॉम्प्युटरवरच राह्यली. मी जेवायला घरी गेल्तो. माघारी आलो तं पोरं एका मशीनपाशी गर्दी करून हसून राह्यलेली." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "नावं व्हती, मॅडम. गावं बी. मी पोरांला हाकललं, फाईल पुसून टाकली. बिलकुल साफ. पन एक जन मोठ्यानं वाचून राह्यला व्हता. आमच्या शाळंतली खिचडीवाली बी हाय ह्यात, म्हनला."

प्रभावतीनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा लावलं.

"कुणाला सांगितलंत?"

"तुमालाच. दुसऱ्या कुनाला काय सांगू?"

जालना जिल्ह्यातल्या त्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव सांगण्याचं कारण नाही. गोष्ट दोन हजार सात-आठची. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, क्षयरोगाच्या खोलीपलीकडे प्रभावतीची खोली होती. तिथं एचआयव्हीची तपासणी व्हायची. तपासणीआधी माणसाशी बोलायचं आणि निकाल आल्यावर पुन्हा बोलायचं, हे तिचं काम. दुसरं बोलणं अवघड असे. कुणी ओरडे, कुणी हसत सुटे, कुणी नुसतं पंख्याकडे बघत राही. प्रत्येकाला ती सुरुवातीलाच सांगायची, "इथं बोललेलं या भिंतींबाहेर जाणार नाही." हे वाक्य ती सवयीनं म्हणत नसे. समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणे.

ही नोकरी कंत्राटी होती. लग्न दोन वर्षांत मोडलं, नवऱ्यानं बीडकडे दुसरा संसार थाटला, तेव्हा ती जुन्या जालन्यात भावाकडे परतली होती. कापडाच्या दुकानांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात भावाची चार माणसं. तिथूनच औरंगाबादला जाऊन-येऊन तिनं समाजकार्याची पदवी घेतली आणि या गावात खोली करून राहिली. भावजय सुरुवातीला विचारायची, "वन्सं, कोण कोण येतं हो तुमच्याकडं?" प्रभावती विषय बदलायची. पुढं भावजयीनं विचारणं सोडलं आणि हळूहळू दुसरंही काही विचारणं सोडलं.

रस्त्यात पेशंट दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही, हा तिनं स्वतःला घालून घेतलेला नियम होता. तिच्याशी बोलणाऱ्याकडे लोक दोनदा बघत. एकदा तीर्थपुरीच्या बाजारात एक बाई तिच्या शेजारीच बांगड्या निवडत बसली होती. तीच बाई कधीतरी प्रभावतीच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत पडली होती. आता तिच्या हातात हिरवा चुडा होता, कडेवर गुटगुटीत लेकरू होतं. लेकराची तपासणी चांगली आली, हे प्रभावतीला ठाऊक होतं. त्याच्या गालाला हात लावावा असं फार वाटलं. तिनं बांगड्या न घेताच वाट धरली.

महेमूद गेल्यावर ती तडक ऑफिसात गेली. संपत तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर, पंचविशीचा, मनानं वाईट नव्हता.

"संपत, नावं कुठून घेतलीस?"

"तुमच्या कपाटातून, ताई. तुमी भाचीच्या हळदीला गेल्त्या ना, चावी इथंच व्हती. वरून फोन आल्ता. ज्यांनी औषध सोडलं त्यांचं पाहायचंय, जल्दी पाठवा म्हन्ले."

"आपण आकडे पाठवतो. फार तर कोड नंबर. नावं पाठवायची नसतात."

"त्यांनी नावं नका पाठवू असं काय म्हन्लं न्हाई."

"शाळेत खिचडी करणाऱ्या नंदाबाईंनी औषध सोडलेलं नाही. त्यांचं नाव का गेलं?"

"मी समद्यांचीच टाकली, ताई. कोनती काढायची ते समजंना." त्याचा चेहरा आता उतरला होता. "काय झालं का?"

तिनं झालेलं सांगितलं. संपतनं खुर्ची मागं सरकवली आणि दोन्ही हात डोक्याला लावले. मग दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर निवृत्तीला आले होते, त्यांना कुठलीच भानगड नको होती.

"फाईल डिलीट झाली ना? मग विषय संपला, मॅडम."

"पोरांनी वाचलंय, सर."

"पोरं चार दिवसांत विसरतात. तुम्ही लेखी काही करू नका. तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

प्रभावतीनं त्याच दिवशी लेखी केलं. झालं ते सगळं लिहिलं, चूक कुणाची यावर जोर दिला नाही. पुढं काय व्हायला हवं ते मात्र सविस्तर लिहिलं. नावं मेलनं जाऊ नयेत. बाहेरच्या कॉम्प्युटरवरून काही पाठवू नये. तिच्या खोलीत वेगळं मशीन द्यावं आणि त्याला पासवर्ड असावा. चावी रजेच्या काळातही दुसऱ्याकडे राहू नये. अर्ज तिनं स्वतः जालन्याच्या जिल्हा कार्यालयात नेऊन दिला.

पोरं विसरली नाहीत.

नंदाबाई गोदाकाठच्या एका खेड्यातली. नवरा ट्रकवर होता, तो गेला तेव्हा काय झालं होतं हे गावाला कळलं नव्हतं. तिला स्वतःला कळलं ते प्रभावतीच्या खोलीत. ती शाळेत खिचडी शिजवायची. दोन मुली त्याच शाळेत शिकत होत्या. तिची औषधाची तारीख कधी चुकत नसे. आदल्या दिवशी ती प्रभावतीकडे यायची, ओंजळभर शेंगा नाहीतर चार वांगी टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "मपल्या हातची न्हाईत बरं, इकत घेतलेली हायेत, खावा बिनघोर."

त्या महिन्यात ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. कुणाकडून तरी कळलं, की आयांनी लेकरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली आणि हेडमास्तरांनी तिला काही दिवस घरीच बसा म्हणून सांगितलं.

रविवारी प्रभावती निघाली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. फाट्यावर जीपमधून उतरली, तेव्हा बाभळीच्या सावलीत एक म्हातारी गाडीची वाट बघत बसली होती. तिनं प्रभावतीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमी दवाखान्यातल्या बाई न्हाईत का? त्या मागच्या खोलीतल्या?"

"हो."

"मपली सून आल्ती तुमच्याकडं, पोटुशी व्हती तवा." म्हातारी सरसावून बसली. "आमच्या गावाला चालल्या का? कुनाकडं?"

त्या प्रश्नासरशी प्रभावतीचे पाय जागीच थांबले. गावात अजून कुणी हसत असेल, कुणी म्हणत असेल पोरांनी थापा मारल्या. नंदाबाई कदाचित नाहीच म्हणून सांगत असेल. आणि मागच्या खोलीतली बाई तिच्या दारात जाऊन उभी राहिली, की मग नाही म्हणायलाही काही उरणार नव्हतं. माफी मागायला गेलं, तरी ती साक्षच ठरणार होती.

"नाही, मावशी. जांबला निघाले होते, दर्शनाला. चुकून इथं उतरले."

"मंग बरं झालं की! मीबी जांबलाच चालले. बसा इथं, येईल गाडी."

म्हातारीनं अंग चोरून तिला जागा करून दिली. गाडी आली, म्हातारीनं तिला धरून आत घेतलं, जांबला उतरल्यावर नारळही घ्यायला लावला. प्रभावतीनं समर्थांच्या मंदिरात नारळ फोडला, सभामंडपात म्हातारीशेजारी बसली. म्हातारी सुनेचं, नातवाचं, गुडघ्याचं सांगत राहिली. कितीतरी महिन्यांनी कुणी तिच्याशी इतका वेळ, कुठल्याही कारणाशिवाय बोलत होतं. प्रभावतीला रडू येत होतं आणि ते म्हातारीला देवापुढचं वाटलं.

नंदाबाई शेवटी स्वतःच आली. पडदा बाजूला सारून आत आली आणि बसली नाही. हातात काही नव्हतं.

"तुमी म्हन्ल्या व्हत्या, भिंतीभायेर जानार न्हाई."

"म्हणाले होते."

"मंग कसं गेलं?"

संपतचं नाव, वरचा फोन, कपाटाची चावी, सगळं प्रभावतीच्या जिभेवर आलं. तिनं त्यातलं काही बाहेर येऊ दिलं नाही.

"इथूनच गेलं, नंदाबाई. आमच्याकडून गेलं. माझी जबाबदारी होती."

नंदाबाईला बहुधा कबुलीची अपेक्षा नव्हती. ती भांडायची तयारी करून आली होती. थोडा वेळ उभी राहिली, मग स्टुलावर बसली.

"पोरींच्या शेजारी कुनी बसंना. मोठी म्हंती, मी जात न्हाई शाळंत. मला काय, मी कुठंबी शिजवून खाईन. पोरींनी काय केलं व्हतं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "एकदा तरी यायचं व्हतं तुमी."

"फाट्यापर्यंत आले होते," प्रभावती म्हणाली.

नंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. पुढचं सांगायची गरज पडली नाही. त्या गावातल्या नजरा तिला प्रभावतीपेक्षा जास्त माहीत होत्या.

"बरं केलं, न्हाई आल्या ते," ती म्हणाली.

तिचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. तो बोलावत होता. प्रभावतीनं तिला समजावलं, की औषध तिथंही मिळेल, फक्त एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही. तिथल्या केंद्राला कळवावं लागेल.

"म्हंजे पुन्हा नाव जानार?"

"नाही. इकडं या."

तोवर खोलीत कॉम्प्युटर आला होता. अर्जाचं उत्तर कुणी दिलं नाही, पण एके दिवशी जालन्याहून माणूस येऊन मशीन जोडून गेला. पाठोपाठ पत्रकही आलं, की यापुढं नावं ऑनलाइन पाठवू नयेत आणि बाहेरच्या कॉम्प्युटरचा वापर करू नये. प्रभावतीचा त्यात कुठं उल्लेख नव्हता. डॉक्टरांनी ते तिच्याकडे सरकवलं होतं. संपतनं बसून तिला पासवर्ड कसा घालायचा ते शिकवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हणाला, "टाका ताई, मी पाहत न्हाई."

प्रभावतीनं पासवर्ड घातला, स्क्रीन नंदाबाईकडे वळवली. नंदाबाईला अक्षरओळख होती. तिनं ओळीवर बोट ठेवून आकडे वाचले.

"ह्यात मी कोनती?"

"ही. हा नंबर."

"नाव न्हाई, गाव न्हाई?"

"काही नाही."

नंदाबाई त्या नंबराकडे बघत राहिली. "हे आधी केलं असतं तं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग ती उठली. जाताना पडद्याजवळ थांबून म्हणाली, "जेवत जा येळंवर. डबा तसाच हाय तुमचा."

काही दिवसांनी त्या केंद्राकडून मेल आला: अमुक नंबरचा रुग्ण पोचला. बस, एवढंच. प्रभावतीनं तो दोनदा वाचला.

मार्चमध्ये कंत्राट वाढलं, पण लांबवून लांबवून, शेवटच्या दिवशी. त्यानंतरचं वर्ष असंच गेलं. दिवाळीला ती जालन्याला जाऊन आली. महेमूदची आई जन्नतबी वारली, तेव्हा चौकापर्यंत गेली. आत गेली नाही, घरात मयतीला आलेली शंभर माणसं होती. महेमूदनं लांबूनच हात छातीशी नेला.

एका दुपारी खोली रिकामी होती. तिनं फोन उचलला आणि त्या केंद्राचा नंबर लावला. पलीकडून कोवळा आवाज आला, नव्यानं लागलेली कुणी मुलगी असावी.

प्रभावतीनं नंबर सांगितला. "गेल्या वर्षी आमच्याकडून तुमच्याकडं आल्या. तब्येत कशी आहे त्यांची? मुली शाळेत जातात का, एवढंच विचारायचं होतं."

"आपण कोण?"

तिनं आपलं नाव आणि रुग्णालय सांगितलं.

"ऑफिसचं काही काम आहे का मॅडम? रेकॉर्डसाठी?"

"नाही. कामासाठी नाही."

मुलगी अवघडली होती. "मग तुम्ही त्यांच्या कोण?"

प्रभावतीनं खिडकीबाहेर पाहिलं. लिंबाखाली दोन-तीन माणसं एकमेकांपासून लांब लांब बसली होती.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"सॉरी हं मॅडम. मग फोनवर नाही सांगता येणार. आमच्याकडं आता फार कडक आहे. म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण..."

"बरोबर आहे तुमचं. असंच करत जा. कुणीही विचारलं तरी."

"राग नाही ना आला?"

"नाही गं. बरं वाटलं."

तिनं फोन ठेवला. हात मात्र बराच वेळ तिथंच राहिला. मग तिनं केस सारखे केले, रिकाम्या स्टुलावरची धूळ पदरानं पुसली आणि पडदा बाजूला करून बाहेर बसलेल्यांना म्हणाली, "या, कोण आहे पुढचं?"