डाव्या पायाची जागा

“अहो, चहा!” असं मी ओरडेपर्यंत अर्धा कप माझ्या मांडीवर सांडला होता. ट्रकनं मधेच असा धक्का दिला की मागे काचेच्या बरण्यांची खोकी एकदम किणकिणली.

“रस्ता खराब आहे,” हे म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघितलं. रस्ता नवा कोरा होता. त्यावरचे पांढरे पट्टेसुद्धा अजून मळले नव्हते.

“रस्ता खराब आहे, की गिअर?”

“तुला काय कळतंय गिअरमधलं?”

हे मात्र मला झोंबलं. मुलं आपापल्या संसाराला लागल्यापासून मी यांच्याबरोबर ट्रकमधून फिरते. सीटच्या मागच्या फळीवर माझं अंथरूण, कोपऱ्यात चहाचा थर्मास, खिडकीला कपड्यांची पिशवी. आमचा अर्धा संसार या केबिनमध्येच आहे म्हणा ना. हा ट्रक ऑटोमॅटिक गिअरचा. क्लच दाबायचा नाही, दांडा ओढायचा नाही, वेग वाढेल तसे गिअर आपले आपण बदलतात. आणि ते इतके अलगद बदलायचे की मी भरलेला कप हातात धरून पेंगत असायची, तरी थेंब सांडायचा नाही. आणि मला म्हणे गिअरमधलं कळत नाही!

हा ट्रक आमच्याकडे कसा आला ते सांगायला हवं, नाहीतर माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळायचं नाही. गोदामात माल उतरवताना ट्रकचा लोखंडी फाळका यांच्या डाव्या पायावर पडला. डॉक्टरांनी घोटा जोडून दिला, पण त्यात जोर काही परत आला नाही. क्लच दाबायचा तो पायच गेला. उभा जन्म ट्रकवर काढलेला माणूस घरात भिंतीकडे तोंड करून झोपून राहायला लागला. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलायचे नाहीत, यावरून काय ते ओळखा.

मग एक दिवस ताई घरी आल्या. ताई म्हणजे आमच्या मालकांची मुलगी, आता सगळा कारभार त्याच बघतात. वयानं आमच्या धाकटीएवढ्या. यांच्या उशाशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “काका, नवा ट्रक घ्यायचाच आहे. बिनक्लचचा घेते. उजवा पाय ठीक आहे ना?”

बस्स, एवढंच बोलल्या. उपकाराचा एक शब्द नाही की चेहऱ्यावर तसा भाव नाही. मी चहा करायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडले. आजही त्यांचं नाव निघालं की माझे हात आपोआप जोडले जातात.

आणि त्याच ट्रकला आता हे धक्के. मागच्या खेपेला दोन खोकी फुटली, म्हणून या खेपेला निघताना ताईंचा फोन आला होता. “काका, गिअरबॉक्सच गेला असेल तर दुरुस्ती झेपायची नाही. गाडी विकून साधी घ्यावी लागेल. परत आलात की मी स्वतः बसून बघते, मग ठरवू.” साधी म्हणजे क्लचवाली. आणि क्लचवाली गाडी म्हणजे हे पुन्हा घरी, पुन्हा भिंतीकडे तोंड.

चढ लागला तेव्हा तर कमालच झाली. इंजिन घसा फाडून ओरडतंय आणि गाडी जागची हलायला तयार नाही. मग धाडकन गिअर पडला, बरण्या पुन्हा किणकिणल्या आणि काहीतरी करपल्याचा वास आला. स्वयंपाकघरात जन्म गेलाय माझा, करपल्याचा वास मला कुणी शिकवायला नको.

“सरळ वस्तादांकडे घ्या,” मी म्हटलं. “नाहीतर मी इथेच उतरते.”

वस्ताद गिअरबॉक्सचं काम करतात. वजनकाट्याच्या मागे त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी आधी स्वतः गाडीवर बसून एक चक्कर मारली, मग थोडं तेल काढून बोटावर घेतलं, हुंगलं आणि तेच बोट माझ्यापुढे धरलं.

“वहिनी, काय वास येतोय?”

“करपलंय. पण बुडाला लागलंय, अजून सगळं जळलं नाही.”

“बरोब्बर.” मग यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, “इंजिनाला कुणी हात लावला होता?”

“छे, छे! कोण लावणार?” असं म्हणत हे डावं मनगट चोळायला लागले. चोराच्या मनात चांदणं! त्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

“घड्याळ कुठंय?” मी विचारलं.

मग काय, सगळं बाहेर आलं. ट्रक-तळावर मी आंघोळीला गेले होते तेव्हा एक लॅपटॉपवाला भेटला होता. त्यानं इंजिनाचं ट्यूनिंग करून जोर वाढवून दिला, आणि बदल्यात घड्याळ घेऊन गेला.

“अहो, पण का?”

 हे खाली बघत म्हणाले, “चढावर सगळे पुढे जातात. जाता जाता खिडकीतून ओरडतात, काका, तुम्ही गाडी चालवताय की गाडी तुम्हाला फिरवायला नेतेय? म्हटलं, एकदा दाखवू यांना.”

मला इतका राग आला होता की काय सांगू, आणि तितकीच मायाही आली. अशा वेळी बाईनं करायचं तरी काय? मी थर्मास काढला आणि सगळ्यांना चहा दिला.

वस्तादांनी चहा पिता पिता समजावलं. “गिअरबॉक्समध्ये प्लेटा असतात. तेलाच्या दाबानं त्या एकमेकींना धरून ठेवतात. किती घट्ट धरायचं, ते इंजिनाकडून निरोप येतो त्यावर ठरतं. त्या बाबानं इंजिनाचा जोर वाढवला, पण निरोप जुनाच ठेवला. आता जोर येतोय दांडगा, आणि गिअरबॉक्स बिचारा पहिल्याइतकंच धरतोय. चढावर पकड सुटते, प्लेटा घसरून करपतात. मग तो सावरायला जातो आणि गिअर धाडकन टाकतो.”

“म्हणजे घरी दहा पाहुणे आणायचे आणि बायकोला दोनच सांगायचे,” मी म्हटलं.

वस्तादांना ठसका लागला. “अगदी तस्संच! आणि वर जेवण कमी पडलं म्हणून तिच्यावरच ओरडायचं.”

हे कपात बघत बसले.

“वाचेल का पण?” मी विचारलं.

“वाचेल. वेळेवर आणलीत. असेच आणखी चढ चढला असता तर खेळ खलास होता.” वस्ताद उठले. “इंजिन पहिल्यासारखं करतो, तेल बदलतो. इतक्या दिवसांत गिअरबॉक्स जे उलटंसुलटं शिकलाय ते पुसतो. मग तो कोरा होईल. तुम्ही जसं चालवाल तसं नव्यानं शिकेल. दामटायचं नाही.”

“म्हणजे चढावर परत सगळ्यांच्या मागे,” हे पुटपुटले.

“मागे राहाल, पण राहाल तर खरं!” वस्ताद म्हणाले. त्या माणसाच्या हाताला यश आहे, आणि जिभेलाही.

संध्याकाळी गोदामामागच्या रिकाम्या रस्त्यावर यांनी गाडी फिरवली. पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या लेकराचं बोट धरावं, तसे चालवत होते. एकेका गिअरसाठी थांबत होते आणि तो नीट बसला की मान हलवत होते. मला म्हणाले, “रागावलीस?” मी म्हटलं, “रागावलेच आहे. समोर बघा.”

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. मी मागे फळीवर बसले आणि पुढची सीट त्यांना दिली. गाडीत भरलेली खोकी होती. फाटकाबाहेर पडायच्या आतच हे म्हणाले, “ताई, गिअरबॉक्सचा दोष नव्हता. मी इंजिनाचं ट्यूनिंग करून घेतलं होतं. तुम्हाला विचारलं नाही, हिलाही सांगितलं नाही. आता सगळं पूर्ववत केलंय, पण चूक माझी.”

सगळं ठीक झालं होतं, कशाला बोलायचं होतं? पण खरं सांगू, त्याच क्षणी मला या माणसाचा अभिमानही वाटला.

 ताई समोर बघतच म्हणाल्या, “चालवा, काका.”

मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. मुद्दाम काठोकाठ भरला होता.

चढ आला. मागून एक ट्रक आला, हॉर्न वाजवत पुढे गेला, मग दुसरा. दुसऱ्यातला कोणीतरी हात बाहेर काढून काहीतरी ओरडला. यांच्या उजव्या पायानं जराही घाई केली नाही. इंजिन एका सुरात गुरगुरत होतं, मागे बरण्या गप्प होत्या, आणि कपातला चहा काठाला लागून नुसता थरथरत होता.

ताई कपाकडे बघत नव्हत्या. त्या खाली, यांच्या पायांकडे बघत होत्या.

“काका, तिथली रबरी चटई झिजलीय. खड्डाच पडलाय.”

हे ओशाळले. “सवय हो, ताई. इतकी वर्षं क्लच दाबला. गिअर बदलायची वेळ झाली की डावा पाय आपला पुढे होतो. आता तिथे दाबायला काही नाही, हे त्याला कोण सांगणार?”

ताईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. चढ संपला. मग सगळा चहा पिऊन रिकामा कप माझ्याकडे दिला. “काकू, गाडी विकायची नाही. आणि काका, पुढच्या वेळी इंजिनाला काही सांगायचं झालं, तर आधी मला सांगा.”

मी कप घेतला आणि त्यांचा हातच धरून ठेवला. त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

ताईंनी नंतर नवी चटई पाठवून दिली. यांनी ती नीट कापून अंथरली, पण डावीकडचा जुना तुकडा तसाच ठेवला. आता मी पूर्वीसारखी फळीवर भरलेला कप घेऊन बसते. गिअर इतके अलगद बदलतात की कानालाही कळत नाही. मला ते कळतं यांच्या डाव्या पायावरून. तो हळूच पुढे होतो, झिजलेल्या खड्ड्यात टेकतो, दाबतो आणि मागे येतो.