तळ्याला ताप

उन्हाळा लागल्यापासून सासऱ्यांचं एकच पालुपद चाललं होतं: यंदा तळं पार खोलवर तापलंय. आमच्या तळ्यात उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट असतं आणि खाली एका ठिकाणी ते एकदम गार लागतं. मासा त्या सीमेवर असतो. त्याहून खाली जाळं सोडलं तर ते धुऊन काढल्यासारखं वर येतं.

सीमा शोधायची सासऱ्यांची रीत ठरलेली. गाठी मारलेल्या दोरीला पत्र्याचा डबा बांधून खाली सोडायचा, झाकणाची सुतळी ओढून तिथलं पाणी भरायचं आणि वर आणून त्यात बोटं बुडवायची. जिथे गार लागेल त्या गाठीला जाळं. यंदा गार लागायचं ते थेट शेवटच्या गाठीला. आणि जाळी रोज रिकामी.

नवऱ्याने कारखान्यातून निरोप धाडला होता, असंच चाललं तर होडी विकून टाकू. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. वल्ही मारून खांदे भरून यायचे आणि घरी गेल्यावर स्वयंपाक वाट बघत असायचाच. पण होडी गेली की म्हातारा अंथरूण धरणार हेही दिसत होतं. तेही माझ्याच गळ्यात.

त्या दुपारी डबा मधल्या गाठीपर्यंत सोडला आणि सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली. मी वैतागून दोरी घेतली, भराभरा ओढली, बोटं घातली. पाणी गारठलेलं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासरे दोन हात दोरी ओढायचे, दम घ्यायचे, पुन्हा ओढायचे. तोवर डबा कोमट पाण्यात लोंबकळत राहायचा आणि आतलं गार पाणीही कोमट व्हायचं.

डबा गुपचूप ओतून टाकावा असं वाटलं, पण त्यांनी हात पुढे केला. बोटं बुडवली ती बराच वेळ बाहेर काढली नाहीत.

"मधलीच गाठ ना ही?"

"हो, मामंजी."

"म्हणजे तळ्याला काही झालेलं नाही."

मी डबा तळ्यात रिकामा केला.

जाळं मधल्या गाठीला लावलं. संध्याकाळी ते इतकं जड झालं की दोघांनी मिळून ओढावं लागलं. होडी वाचली होती, तरी मला रडू येत होतं.

सासऱ्यांनी दोरी गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली.

"सरक, पोरी. वल्ही इकडे दे. ती हळू मारली तरी चालतात."