करारबाईंचा नियम

करारबाई येण्याआधी त्या रुग्णालयात आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. कुठला करार कधी संपला, हे पुरवठादार दारात येऊन भांडायला लागला की कळायचं. मोडीत गेलेल्या यंत्राच्या देखभालीचा करारसुद्धा सुखाने चालू होता. बाईंनी सगळे करार एका जागी आणले, प्रत्येकामागे एक जबाबदार माणूस लावला आणि नियम केला. मुदत संपण्याआधी पुरवठादाराला तीन सूचना जातील. तिसरीलाही उत्तर आलं नाही, तर करार बंद. वशिला नाही, रडारड नाही.

चादरी-टॉवेल धुण्याचा करार बाईंच्या धाकट्या भावाकडे होता, त्या नोकरीला लागण्याच्याही आधीपासून. कुणी बोट दाखवायला नको म्हणून बाईंनी तो एका सहकाऱ्याकडे सोपवला आणि त्याकडे पाठच फिरवली. धाकटा जेवताना विषय काढायला लागला, की त्या म्हणायच्या, "कामाचं घरी नको रे."

धाकट्याने सूचना उघडल्याच नाहीत. ताई तिथे बसलीय, मग आपल्याला कसला घोर! त्याने उलट धुलाईचं मोठं यंत्र घेतलं, इस्त्रीला आणखी बायका ठेवल्या. सहकाऱ्याला वाटलं, सख्खा भाऊ आहे, बाई घरी बोलल्या असतीलच. असं तिघांनी मिळून ते गाडं खड्ड्यात घातलं.

बंद करायच्या करारांची यादी घेऊन बाई संचालकांपुढे बसल्या. धुलाईच्या खाली सुरक्षारक्षकांचा करार होता. तो संचालकांच्या साडूचा.

"हा राहू द्या," संचालक म्हणाले. "गडबडीत राहिलं असेल उत्तर द्यायचं. अपवाद करू."

"मग धुलाईचंही साहेब..."

"तुमच्या भावाचं? अहो, लोक काय म्हणतील? तुमचं नाव किती चांगलं आहे इथे."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बाईंना संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण नावाची गोष्ट त्यांना आतून गोड लागली होती. धुलाई बंद, सुरक्षारक्षक चालू, अशी त्यांनी दोन्हीकडे सही केली. बाहेर येईपर्यंत बातमी पसरली होती. हिशेबनीस उठून उभा राहिला. "सख्ख्या भावालाही सोडलं नाही! मानलं बाई तुम्हाला."

महिनाअखेरीला धाकटा शेवटच्या धुतलेल्या चादरी पोचवायला आला. बाई मुद्दाम खाली मागच्या फाटकाशी गेल्या. तो ओरडेल, शिव्या देईल, अशी त्यांची तयारी होती.

"चूक माझीच गं ताई," तो गाठोडी उतरवत म्हणाला. "वाचायला हवं होतं मी. आज बायकांना नका येऊ म्हणून सांगितलं. एकीने विचारलं, ताई आहेत ना तुमच्या तिथे? काय सांगू तिला?"

बाई उतरवलेली गाठोडी मोजू लागल्या.

"एक विचारू? 'बाबा रे, कागद बघ,' एवढा एक फोन नियमात बसत नव्हता?"

"बसत होता."

"मग?"

"माझं नाव चांगलं राहावं म्हणून नाही केला."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. "राहिलं की," तो म्हणाला, आणि वाकून उरलेलं गाठोडं उचललं.