बाराला घरी कोण असतं?

मित्रांनो, माझा स्वभाव मत्सरी आहे, हे आधीच कबूल करते. नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल, "काय ही जळकुकडी!" मी एक जुनी सूर्यचूल. पत्र्याची पेटी, आतून काळा रंग, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. मला उन्हात ठेवलं की माझ्या पोटातल्या डब्यांत वरणभात आपला आपण शिजतो. धूर नाही, राख नाही, काडेपेटीही लागत नाही.

माझा जन्म रबाळ्याच्या एका शेडमध्ये झाला. एक्क्याण्णव साली मधुकररावांनी मला प्रदर्शनातून सवलतीत घेतलं आणि टेम्पोतून सानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत आणलं. ते बेलापूरला सरकारी कचेरीत होते. त्यांच्या पत्नी जयमालाबाई तेव्हा घरीच असत. सकाळी त्या मला गच्चीवर मांडायच्या, बाराला वर येऊन सूर्याकडे तोंड करून ठेवायच्या आणि दीडला डबे काढायच्या. शेजारणी वासाने वर यायच्या. त्यांचा निखिल माझ्यातली रताळी खाऊन बोटं चाटायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

पण खाली स्वयंपाकघरात माझी सवत बसली होती, गॅसची शेगडी. ओट्यावरची मानाची जागा तिची. दसऱ्याला झेंडूचं फूल तिला, हळदकुंकूही तिलाच. मला गच्चीवर कोण विचारतो? तरी सिलिंडर एकच होता, नंबर लावून वाट बघावी लागे, म्हणून माझाही थोडा भाव होता. चौऱ्याण्णवला दुसरा सिलिंडर आला आणि माझी रवानगी गच्चीच्या दाराआड, जिन्यात झाली. त्याच महिन्यात जयमालाबाईंना वाशीच्या एका पतपेढीत नोकरी लागली, पण माझं लक्ष फक्त त्या लाल सिलिंडरवर! पुढे माझ्यात कांदे भरले, तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खालून कुकरची शिट्टी आली की वाटायचं, ही बया मुद्दाम मला ऐकवते आहे.

सत्त्याण्णव साली मधुकररावांनी जाहीर केलं, "दिवाळीच्या साफसफाईत ही पेटी भंगारात." आणि त्याच आठवड्यात ऋता आली.

ऋता संशोधन करत होती. कोळसा आणि तेल जाळून पृथ्वी तापते आहे, हे कळूनही माणसं घरातलं इंधन कशावरून ठरवतात, हा तिचा विषय. आमच्या सोसायटीत तीस घरांनी सूर्यचुली घेतल्या होत्या. फ्लॅटच्या नंबरांची यादी घेऊन ती दारोदार फिरली आणि शेवटी आमच्याकडे आली. आमचं घर अगदी वरच्या मजल्यावर, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"काका, सूर्यचूल वापरता का?"

"वापरतो म्हणजे काय! आठवड्यातनं चार दिवस," मधुकरराव बेधडक म्हणाले.

आपल्याकडची रीतच तशी. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही. पोरगी फाइल घेऊन उन्हातान्हातून आलेली, तिला 'नाही' कसं म्हणायचं? घरोघरी लोकांनी तिला पोहे दिले आणि पोह्यांबरोबर तिला हवं ते उत्तरही दिलं. तीसपैकी अठ्ठावीस घरांत 'हो'. खोटं तर खोटं, पण शेगडीच्या देखत माझं कौतुक झालं म्हणून मी खूश!

"छान! या आकड्यांवरून नव्या इमारतींसाठी आणखी पाचशे चुली घ्यायचं ठरणार आहे," ऋता म्हणाली.

जयमालाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "चल वर."

"अगं, गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आहे," मधुकरराव गडबडले.

"चूल जिन्यात आहे, अहो. जिन्याला कुठे कुलूप आहे?" असं म्हणत त्या वर आल्या आणि त्यांनी माझं झाकण उघडलं. ऋता कांद्यांकडे बघतच राहिली.

"खोडून टाक ते उत्तर. तीन वर्षांत हिच्यात एकदाही काही शिजवलं नाही. आमच्यासारख्यांच्या थापांवर पाचशे चुली कशाला घ्यायच्या?"

"गॅसचा दुसरा सिलिंडर आला म्हणून, काकू?"

मी जिवाचा कान केला. म्हणा, हो म्हणा!

"गॅसचं काय घेऊन बसलीस? मी साडेआठला निघते, यांचं ऑफिस, निखिलचं कॉलेज. बाराला वर येऊन हिचं तोंड फिरवायला घरी असतं कोण?"

मित्रांनो, तीन वर्षं मी जिच्यावर जळले, तिने माझं काहीच हिरावलं नव्हतं. फार वाईट वाटलं. रागवायलाही कुणी उरलं नाही.

ऋता पुन्हा तीसही घरी गेली. या वेळी एकच प्रश्न विचारला. पृथ्वीची काळजी सगळ्यांना होती, बाराला घरी मात्र जवळजवळ कुणीच नव्हतं. हताश होऊन ती माझ्याजवळच पायरीवर बसली. तिथे पुतळा नावाची बाई जिना झाडत होती. वॉचमन बाबासोची बायको, साताऱ्याकडची. पंपाशेजारच्या खोलीत त्यांचा संसार, रॉकेलच्या स्टोव्हवर.

"म्या असते की," ती म्हणाली. "दिसभर हितंच हाय. आरसा फिरवायचा, त्यात काय अवघड हाय?"

"तुमचं नाव माझ्या यादीत कसं नाही?"

"आमच्या खोलीला नंबर कुटं हाय, ताई?"

जयमालाबाईंनी स्वतःच्या हातांनी कांदे काढले आणि मला पुसून पुतळाच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात मटकी शिजली. पुढच्या रविवारी जयमालाबाई कपडे वाळत घालायला वर आल्या, तेव्हा पुतळाने त्यांना वाटीभर दिली.

"माझ्या हातची अशी कधी झाली नव्हती गं," त्या म्हणाल्या. वाटी परत देताना हळूच विचारलं, "रविवारी मला देशील ही चूल?"

"रविवारीच आमच्यात पाव्हणं असत्यात, बाई."

जयमालाबाईंचा चेहरा जरासा उतरला. ते दुखणं मला ठाऊक आहे. तरी मी मनात हसले, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, चांगली वस्तू हौसेने घरात आणून काम संपत नाही. तिला रोज थोडा वेळ देणारं माणूस लागतं. आपल्याला जमत नसेल, तर ज्याला जमेल त्याला ती द्या. तिला कांद्यांखाली ठेवू नका.

परवा बाबासो सांगत होता, "सेक्रेटरी म्हनत हुते, आपल्यालाबी गॅस मिळंल." माझ्या पत्र्यात धस्स झालं. पुतळा आरसा फिरवत म्हणाली, "मिळू दे की. सकाळच्याला चा करायला बरा पडंल. त्येवढ्या बिगीनं हिला कुटं जमतंय?"

खरंच, मला ते जमत नाही. चहा मी शेगडीला देऊन टाकला.