वाडीवर आधी पोचलेली लाकडं

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवर, भागोजीच्या गोठ्याशेजारी मी उभी असते. माझ्या बॉनेटवर आता कोंबड्या बसतात. पण माझी तक्रार नाही. ज्यांनी खूप प्रवास केला, त्यांना उभं राहायलाही बरं वाटतं.

भागोजीनं मला घेतलं तेव्हा माझा रंग गर्द हिरवा होता. त्या काळी वरच्या वाड्यांपर्यंत एसटी जात नसे. दिवस भरलेल्या बायकांना मी खाली नेलं आणि बाळांसकट वर आणलं. भाताची पोती वाहिली, नवऱ्यामुली वाहिल्या. लोक म्हणत, "भागोजीची जीप म्हणजे वाडीची लेक."

मग नव्या गाड्या आल्या. त्या गाड्यांत मयत कुणी घेत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पुढे एकही नवरी माझ्यात बसेना. मला वाईट वाटे, पण भागोजी माझी काच पुसता पुसता म्हणे, "लग्नाला धा गाड्या मिळतात गो. मयताला एक मिळत नाय."

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी.

वाडीतला पांडू महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे कामाला होता. कारखान्यांतल्या रसायनांच्या टाक्या साफ करण्याचं काम. त्या दिवशी भर दुपारी त्याचा थोरला भाऊ कुशाबा धावत आला. "भागोजी, गाडी काढ. पांडू गेला. आत्ताच फोन आला, छातीत कळ आली म्हणून." मागोमाग पांडूची बायको शकू आली. ती रडत नव्हती. नुसती बघत होती.

आम्ही उतरणीला लागलो. ओढ्याकाठच्या स्मशानापाशी लाकडांची मोठी रास पडली होती. "ही कुनासाठी?" भागोजी पुटपुटला.

ठेकेदाराचा माणूस यशराज कामगारांच्या खोल्यांपाशी वाट बघत होता. नम्र होता, हात जोडून बोलत होता. "काळजी करू नका. लाकडं, गाडीभाडं, तेराव्यापर्यंतचा सगळा खर्च आमचा. डॉक्टरांचा दाखलाही तयार आहे. फक्त उजेड आहे तोवर उरकून घ्या."

कुशाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात लाकडाचा ओंडका आणायलाही पैसे नव्हते, आणि इथं परका माणूस सगळं करत होता. त्यानं यशराजचे हात धरले.

पांडूला माझ्या मागच्या बाकांमध्ये आडवा ठेवला. शकू त्याच्या उशाशी बसली. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यांचे केस ओले हायत."

"घाम असंल गो."

"घाम नाय. ह्यांना आंघोळ घातलीय. घरच्यांच्या आधी कुनी घातली? आणि हा शर्ट ह्यांचा नाय. आजून घडी मोडली नाय त्याची."

कुशाबा हळूच म्हणाला, "चांगल्या मनानं केलं असंल. दुखात संशय घेऊ नये."

पण संशय मलाही येत होता, मित्रांनो. माझ्या बाजूच्या आरशात एक मोटारसायकल दिसत होती. आम्ही हळू झालो की ती हळू होई. इतक्या मयतांना मी घरी नेलं. पण कुणी असं मागून राखण करत आलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या आत एक आंबट, घसा खवखवणारा वास भरला होता. भागोजीनं दोनदा काच खाली केली.

हायवेला आलो. एक रस्ता पोलादपूरकडे जात होता, दुसरा महाड शहराकडे. शकूनं माझ्या टपावर थाप मारली. "भागोजीदादा, थांबा. गाडी महाडला घ्या. सरकारी दवाखान्यात."

"शके, खुळी झालीस का?" कुशाबा कळवळला. "तितं ह्याला फाडतील. आणि ही मानसं रागावली तर जाळायचं कशानं? आपल्याकडं हाय काय?"

तेवढ्यात मोटारसायकल पुढे येऊन आडवी उभी राहिली. यशराज उतरला. "वहिनी, तुमच्या वाडीचा रस्ता तिकडे आहे. उशीर कशाला करता? लाकडं तर केव्हाच पोचलीत तुमच्या स्मशानात."

शकूनं त्याच्याकडे पाहिलं. "ती रास तुमची?"

"आमचीच. म्हटलं ना, काही कमी पडू देणार नाही."

"सकाळी मी पान्याला गेले तवा टेंपो ती उतरवत व्हता," शकू म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "मी इचारलं बी, कोन गेलं म्हनून. टेंपोवाला काय बोलला नाय. तुमी फोन केलात दुपारी, आत्ताच गेले म्हनून. मंग सकाळची लाकडं कुनासाठी धाडलीत?"

यशराजनं घाईनं खिशातून फोन काढला.

कुशाबा खाली उतरला. मघाशी ज्या हातांनी त्यानं यशराजचे हात धरले होते, त्याच हातांनी त्यानं मोटारसायकल रस्त्याच्या कडेला ढकलली. "भागोजी, गाडी महाडला घे."

दवाखान्यात तपासणी झाली. पांडू आदल्या रात्रीच गेला होता, टाकीतल्या वायूनं गुदमरून. पोलिसांनी ठेकेदारावर गुन्हा नोंदवला. खटला अजून चालू आहे. त्याचं काय होईल ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पांडूला वर आणलं. ओढ्याकाठी रास तशीच होती. "तिला हात लावायचा नाय," शकू म्हणाली. पण मग जाळायचं कशानं? पाऊस लागलेला, रानातलं लाकूड ओलं.

तेव्हा म्हातारी बनुबाई पुढे आली. "माझ्या माळ्यावर सुकी लाकडं हायत. माझ्यासाठीच ठेवलीवती. काढा खाली."

शकूनं चटकन विचारलं, "आनि त्याच्या बदल्यात तुला काय पायजे?"

सगळे चपापले. बनुबाईला मात्र राग आला नाही. "पाऊस सरला की तुझ्या दिरानं मला तेवढीच तोडून द्यायची. मी काय आज जात नाय." मग घराघरातून कुणी गोवऱ्या आणल्या, कुणी तूप आणलं.

संध्याकाळी शकूनं भागोजीला भाडं विचारलं. तो दुसऱ्या कुणाला "राहू दे" म्हणाला असता. तिला त्यानं रोखठोक आकडा सांगितला. "फुकट नाय हां. दिवाळीनंतर दे, जमंल तसं." फुकट या शब्दाचीच तिला भीती बसली होती, ते त्यानं ओळखलं. ते ऐकून शकू माझ्या चाकाशी टेकून बसली आणि पहिल्यांदा रडली.

ती रास पावसात कुजली. तिच्यावर अळंबी उगवली, तीही कुणी खुडली नाही.

मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा असं मी मागत नाही. एवढंच मागते. शेजारी कुणी गेलं आणि त्या घरात काही नसलं, तर त्यांनी हात पसरायची वाट पाहू नका. उठा, जा, काय देता आणि काय परत हवं ते उघड सांगा. त्यांनी शंका घेतली तर रागावू नका. कारण तुम्ही दारात पोचायला उशीर केलात, तर तिथे आधीच कुणीतरी हात जोडून उभा असतो.