रविवारची दाढी

वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात सेबेस्टियन नावाची माणसं बरीच. कुणी होडीवरून ओळखला जायचा, कुणी घरावरून, कुणी जुन्या भांडणावरून. प्रीतलच्या वडिलांना अशी काही ओळख नव्हती. ‘लुईझाचा नवरा’ म्हटलं की मगच लोकांच्या ध्यानात यायचं. लुईझा बाजारात मासळी विकायची आणि तिचा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जायचा. सेबेस्टियन दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. पाठ धरली तेव्हा त्याने दर्या सोडला आणि किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसू लागला. देवळात मागच्या बाकावर बसायचा. सणाला मांडव घालताना तो असायचा, सत्काराच्या वेळी दिसायचा नाही.

रविवारी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटोपली की कापडी पिशवी घेऊन तो बस पकडायचा आणि सरकारी इस्पितळात जायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, साखरेच्या आजाराच्या गोळ्या आणायला जातो. घरात खरं ठाऊक होतं. पुरुषांच्या वॉर्डात ज्यांना बघायला कुणी येत नाही, त्यांची दाढी करून द्यायला तो जायचा. प्रीतलला लहानपणापासून त्याची सवय होती. कुणाचे वडील रविवारी पत्ते खेळतात, कुणाचे ताणून देतात, आपले दाढ्या करतात, एवढंच.

ईस्टरआधीचा उपवासकाळ नुकताच लागला होता, तेव्हा सेबेस्टियन गेला. जाळं मांडीवर असतानाच छातीत कळ आली आणि सगळं आटोपलं. दफनाला घरचे आणि वाड्यातले लोक होते. “साधा मानूस होता,” असं सगळे म्हणाले, आणि त्यापुढे कुणाला काही सुचलं नाही. प्रीतललाही सुचलं नाही.

महिन्याची मिस्सा झाल्यावर तिच्या मनात आलं, इस्पितळात कुणी कळवलंच नसेल. ती नायगावला नव्या टॉवरमध्ये राहायची, जवळच्याच शाळेत शिकवायची. पुढच्या रविवारी ती घरी न जाता थेट इस्पितळात गेली. वाटेत तिने मनाशी वाक्य जुळवलं होतं: माझे वडील इथे यायचे, ते आता येणार नाहीत.

वॉर्डाच्या दारातच दाढीच्या साबणाचा वास आला. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा मान वर करून बसला होता आणि खाकी शर्टातला, चाळिशीचा एक माणूस त्याच्या गालावरून वस्तरा फिरवत होता. पाणी बदलायला तो उठला, तेव्हा एका पायाने लंगडत होता. परत येता येता त्याची नजर प्रीतलवर पडली आणि तो थांबला.

“तुम्ही सेबूकाकांची मुलगी का?”

“हो. तुम्ही कसं ओळखलंत?”

“कपाळ तेच आहे.” त्याने हात पुसले. “मी जितेंद्र. फुलपाड्याला असतो, रिक्षा चालवतो. काका गेले ना?”

प्रीतलने मान हलवली. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

“वाटलंच मला,” जितेंद्र म्हणाला. “रविवार चुकवणारा माणूस नव्हता तो. फोन नंबर होता माझ्याकडे, पण लावायचा धीर झाला नाही. बसा ताई, एवढे आजोबा उरकतो. साबण वाळला तर त्यांना खाज सुटते.”

ती स्टुलावर बसली. जितेंद्र काम करता करता बोलत राहिला. काही वर्षांपूर्वी त्याची रिक्षा उलटली, मांडीचं हाड मोडलं. घरचे सगळे कोकणात. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, तिला घाबरवायचं नाही म्हणून त्याने कळवलंही नव्हतं. दाढी वाढलेली, अंगाला वास येत होता. शेजारच्यांना भेटायला माणसं आली की हा तोंड भिंतीकडे करून पडायचा.

“मग एका रविवारी काका आले. काही विचारलं नाही, नाव नाही, गाव नाही. हनुवटीला हात लावून म्हणाले, ‘जरा वर बघ.’ दाढी सुरू करायच्या आधी अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढायला गेले आणि थांबले. म्हणाले, ‘तुला चालत नसंल तर मी मनात काढतो.’ मी म्हटलं, काढा, माझं कपाळ आहे, झिजत नाही.”

म्हातारा हसला, तशी जितेंद्रने वस्तरा पटकन बाजूला घेतला.

“मी एकदा विचारलं त्यांना, काका, हे कशाला करता? कुणी सांगितलंय का? तर म्हणाले, ‘हे तोंड येशूचं हाय असं धरून चालतो. मग हात घाई करत नाय.’”

प्रीतलने हे कधी ऐकलं नव्हतं. घरी बाबा जेवण कसं झालंय हेसुद्धा विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत.

“पायावर उभा राहिल्यावर मी यायला लागलो,” जितेंद्र म्हणाला. “आधी नुसता गरम पाणी धरून उभा राहायचो. नंतर त्यांनी वस्तरा हातात दिला. मी स्वामींना मानतो ताई. मी स्वामींचं तोंड समजतो. काकांना सांगितलं तसं, तर म्हणाले, ‘मग तर आनखीन जपून कर.’”

एवढ्यात स्टेफी सिस्टर औषधांची गाडी ढकलत आल्या. प्रीतल कोण हे कळल्यावर त्यांनी गाडी तिथेच सोडली आणि तिचा हात धरला.

“तुमचे वडील फक्त रविवारी यायचे, पण आमच्याकडे सोमवारीही दाढी होते, माहीत आहे?” त्या म्हणाल्या. “चंदनसारला अल्पेशचं सलून आहे. त्याचे वडील इथेच वारले. शेवटच्या दिवशी काकांनी त्यांची दाढी केली होती. मुलगा न्हावी, आणि बापाची दाढी भलत्याच माणसाने केली, हे त्याच्या मनाला लागलं. रविवारी दुकानात गर्दी असते, म्हणून सोमवारी दुकान बंद ठेवून तो इथे येतो. प्रत्येकाला नवी पात वापरतो, काकांसारखीच.”

प्रीतलने वॉर्डभर नजर फिरवली. ओळीने खाटा होत्या, आणि प्रत्येक खाटेवरचा माणूस तिच्याकडे सरळ बघत होता. कुणीही तोंड भिंतीकडे केलं नव्हतं. तिची मान आपोआप ताठ झाली.

“आमच्याकडे कोण बघणार?” दारातून आवाज आला. बायकांच्या वॉर्डातली एक म्हातारी सलाइनची दांडी धरून उभी होती. केसांचा पार गुंता झाला होता. “पुरुषांची चैन आहे.”

“जयवंतीमावशी, आत जा बघू,” स्टेफी सिस्टर म्हणाल्या. मग प्रीतलकडे वळून हळूच म्हणाल्या, “त्यांचं म्हणणं खरं आहे.”

संध्याकाळी प्रीतलने पाचूबंदरला जाऊन आईला सगळं सांगितलं. लुईझा ओट्यावर बसली होती. नवरा गेल्यापासून तिने बाजाराला जाणं सोडलं होतं आणि तिचा तो आवाजही कुणी ऐकला नव्हता.

“ऑगस्टीनपासून चालू झालं ते,” ती म्हणाली. “तुझा काका. तू पाळण्यात होतीस. त्या वॉर्डात तो शेवटच्या घटका मोजत होता. तुझ्या बाबाने भावाची दाढी केली, देवाकडं नीट जाऊ दे म्हनून. शेजारच्या खाटेवर एक परका मानूस होता. त्याने नुसता आपल्या गालावरनं हात फिरवला. काय बोलला नाय. तुझ्या बाबाने त्याचीपन केली. तिथनं जे धरलं ते धरलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगायचं काय त्यात. रोज देवळात दिवा लागतो, कोन सांगत बसतं?” लुईझाने पदराने डोळे टिपले. मग विचारलं, “ती म्हातारी, केस लांब हायत का तिचे?”

“लांब आहेत. खूप गुंता झालाय.”

“गुंत्याला तेल लागंल. आणि रुंद दातांची फनी.”

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर मायलेकी इस्पितळात गेल्या. लुईझा लुगडं खोचून जयवंतीमावशींच्या मागे बसली, बोटं तेलात बुडवली आणि एकेक बट सोडवू लागली. मावशीही कोळीणच, अर्नाळ्याच्या निघाल्या. मग काय, बोंबील यंदा कुणाचे बरे वाळले यावर दोघींची अशी जुंपली, की लुईझाचा आवाज पुरुषांच्या वॉर्डात पोचला आणि जितेंद्र काय झालं ते बघायला धावत आला.

वेणी घालून झाली. लुईझाने पिशवीतून घरच्या झाडाचा सोनचाफा काढला आणि मावशींच्या वेणीत खोवला. मावशींनी हात मागे नेऊन फूल चाचपलं, वेणी पुढे ओढून वास घेतला आणि समोरच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, “आता तू बस. मला उठवा कुणीतरी, मी जागा देते.”

प्रीतलने त्यांना हात देऊन उठवलं, आणि दुसरी फणी घेऊन पलीकडच्या खाटेकडे गेली.